कुसुम सिस्टरच्या सीड्या

आमच्या जाफराबादेत व्हिडिओ गेमची सीडी न्यायची, तर आधी जीभ दाखवावी लागायची.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. मी स्वतः तीन वेळा जीभ दाखवली आहे. कुसुम सिस्टरच्या ओट्यावर जाऊन "सिस्टर, ती फुटबॉलची सीडी द्या" म्हटलं, की त्या चष्म्याच्या वरून बघायच्या, अंगठ्यानं डोळ्याखालची कातडी खाली ओढायच्या, जीभ बघायच्या आणि मग विचारायच्या, "जेवलात का?"

नाही म्हटलं की सीडी मिळत नसे.

"उपाशीपोटी फुटबॉल घ्यायचा न्हाई. पित्त होतं. दोन घास खाऊन या, मंग देते."

जेवून गेलं की सीडी मिळे. तिच्या डबीवर जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी लावलेली असे, आणि पट्टीवर बॉलपेननं, सरकारी दवाखान्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं असे: 'दिवसातून दोनदा. जेवणानंतर. एका वेळी एक तास. आठ दिवसांनी दाखवायला आणणे.'

सिस्टरचं घर आमच्या घरासमोर. मधे फक्त गल्ली आणि गल्लीत उभी माझी स्कूटर. मी इथल्या शाळेत गणित शिकवतो, म्हणून त्या मला मास्तर म्हणतात. माझ्या बायकोला, वंदनाला, त्या नावानं हाक मारतात आणि तिच्या हिमोग्लोबिनची चौकशी करतात. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात नोकरी केली. मूळच्या कुंभार पिंपळगावच्या. लग्न केलं नाही. "भावांची करता करता माझं राहूनच गेलं बघा," असं एकदा म्हणाल्या होत्या, बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली तर माणूस जसं म्हणतं, त्याच सुरात.

आता हा गेमचा नाद त्यांना लागला कसा, ते सांगायला हवं.

निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत सिस्टर एसटीच्या पायरीवरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लॅस्टर. प्लॅस्टर निघालं तेव्हा बोटं वळेनात. रबरी चेंडू दाबा म्हणून सांगितलं होतं, पण सिस्टरनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्याला देऊन टाकला. त्याच सुमारास दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांची बदली झाली. सामान बांधताना त्यांना वाटलं, आपलं गेमचं मशीन कशाला न्या एवढ्या लांब. ते मशीन, दोन रिमोट आणि अकरा सीड्या घेऊन ते सिस्टरच्या दारात आले. "सिस्टर, हे खेळा. बोटांना व्यायाम होईल," म्हणाले, टीव्हीला जोडून दिलं आणि गेले.

सिस्टरनी तो आदेश समजला. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध त्यांनी चौतीस वर्षं बिनचूक दिलं होतं. स्वतःला देताना कसूर करतील होय? सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास.

पण खेळणार कशा? फुटबॉलमध्ये कुणी खेळाडू आडवा झाला, की रिमोट मांडीवर ठेवून त्या टीव्हीवर ओरडायच्या, "अरे बघा ना कुणीतरी त्याला! पायाला लागलंय त्याच्या!" तेवढ्यात पलीकडचे गोल करून मोकळे. मोटारींच्या शर्यतीत त्या डाव्या बाजूनं जायच्या आणि वळणावर गाडी हळू करायच्या. शेवटून पहिला नंबर ठरलेला. बंदुकांच्या गेमची एक सीडी होती, ती त्यांनी एकच दिवस खेळली. "एवढी माणसं पडून राह्यली अन् एक स्ट्रेचर न्हाई," म्हणाल्या, आणि त्या डबीवर पट्टी लावली: 'लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवणे.' मग ती कपाटावर गेली ती गेलीच.

एका गेममध्ये मात्र त्यांना कुणी हात धरू शकत नसे. डोंगरातल्या चिखलवाटेनं मालट्रक न्यायचा आणि माल सांडू द्यायचा नाही, असा तो गेम. मी स्वतः त्यात पाच वेळा दरीत गेलो. सिस्टर ट्रक असा न्यायच्या की बघत राहावं. "लसीचा डबा मांडीवर घेऊन मी अशाच वाटेनं जायचे," त्या सांगायच्या. "जीपचा डायव्हर दाणकन आपटवायचा, पण माझा बर्फ हालायचा न्हाई. घाबरायचं काही काम न्हाई मास्तर. गाडी आपटू द्यायची, आपण आपटायचं न्हाई."

"घाबरायचं काही काम न्हाई" हे त्यांचं पेटंट वाक्य. पूर्वी सुई टोचायच्या आधी म्हणत, त्यामुळे गावातली निम्मी माणसं ते ऐकलं की अजूनही दंड आवळतात.

दीड-दोन वर्षांत बोटं मोकळी झाली, पण औषध सुटलं नाही. जालन्याहून जुनी मशिनं स्वस्तात गावात यायला लागली होती. आमच्या आसपासच्या सात-आठ घरांत ती पोचली. त्यांना सीड्या लागायच्या, आणि सीड्या होत्या सिस्टरकडं. अकराच्या सव्वीस झाल्या. आणि दवाखाना पुन्हा सुरू झाला.

सीडी परत आली, की सिस्टर ती बोटांच्या कडांवर धरून खिडकीशी न्यायच्या, उन्हात तिरकी करून बघायच्या. एखादा चरा दिसला, की आणणाऱ्याची धडगत नसे. मग स्पिरिटचा बोळा. मधून बाहेर, मधून बाहेर, गोल फिरवायचा नाही. चरे खोल असले तर सीडी 'ॲडमिट' व्हायची. कापूस अंथरलेला एक ड्रॉवर होता, त्यात. सकाळ-संध्याकाळ पांढरी टूथपेस्ट लावून हलक्या हातानं चोळायची. मी एकदा ट्रकची सीडी मागायला गेलो, तर म्हणाल्या, "चौदा नंबर ॲडमिट हाय. शनिवारी डिस्चार्ज. भेटायचं असंल तर भेटून जा." आणि खरोखर ड्रॉवर उघडून दाखवला.

त्यांचे दोन कायमचे पेशंट. एक अन्वर टेलर, ज्यांना सगळा गाव मामू म्हणतो. साठीला आलेले, दिवसभर पॅन्ट शिवायच्या आणि संध्याकाळी दुकान बंद केलं की फुटबॉल. त्यांच्याकडून सीडी परत यायची तेव्हा डबीत हमखास दोऱ्याचे तुकडे निघायचे.

"अन्वरभाई, सीडीला टाके घातले का काय?"

"अरे सिस्टर, दुकान में रखी थी. धागा तो उडताच ना."

"उद्या सुई निघंल यातून. टोचायचं काम माझं हाय, तुमचं न्हाई."

दुसरा विष्णू मोरे. गावाबाहेर त्याची शेती, आणि आवडता गेम कोणता, तर शेतीचा. दिवसभर सोयाबीनमध्ये राबून संध्याकाळी हा पठ्ठ्या टीव्हीवर पुन्हा नांगरट करायचा. सिस्टरनी एकदा विचारलं, "विष्णू, दिवसभर तेच करून राह्यलास, कंटाळा येत न्हाई का रे?"

"सिस्टर," तो म्हणाला, "इथं पाऊस बटणावर पडतो."

त्यावर सिस्टरनी त्याच्या पट्टीवर 'एका वेळी एक तास' खोडून 'दीड तास' केलं.

आणि एके दिवशी हाच विष्णू तिसऱ्याच दिवशी सीडी परत घेऊन आला. मी ओट्यावरच बसलो होतो. सिस्टर खूश. "बघा मास्तर, शिस्त याला म्हणतात." सीडी उन्हात धरली, एक चरा नाही. "आता कोणती देऊ?"

विष्णू चप्पल पायातच खेळवत उभा. "आता न्हाई लागणार सिस्टर. नवीन मशीन घेतलं. त्याला सीडीच लागत न्हाई. डाउनलोड करायचं. नेटवरून येतं सगळं आपोआप."

"सीडी न्हाई म्हणजे?"

"भोकच न्हाई त्याला सीडी घालायला."

हे ऐकून सिस्टर स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. लगेच चपला घातल्या, मलाही उठवलं, आणि आम्ही तिघं विष्णूच्या घरी. टीव्हीखाली ते पांढरंशुभ्र मशीन ठेवलेलं. सिस्टर खाली बसल्या. चष्मा पुसला. मशीन पुढून पाहिलं, मागून पाहिलं, उचलून बुडाशी पाहिलं. कडांवरून बोट फिरवलं.

"याला तोंडच न्हाई."

"न्हाई."

"मंग खातं कुठून?"

"हवेतून येतं ना सिस्टर. वायफाय."

सिस्टरनी मशीन हळूच खाली ठेवलं. "सलाईनवर हाय म्हणायचं," त्या म्हणाल्या.

आम्ही परत निघालो. आमच्या फाटकाशी आल्यावर म्हणाल्या, "मास्तर, आपल्याकडच्या सीड्या जुन्या झाल्या, त्याचा दोष. नवीन माल पाहिजे. रविवारी जालन्याला जाऊ."

त्या रविवारी आम्ही सकाळची एसटी धरून जालन्याला गेलो. दुकान सिस्टरनी चौकशी करून ठेवलं होतं. यंदाचा नवा फुटबॉल घेतला. डबी काय सुंदर होती! गुळगुळीत, वरून प्लॅस्टिकचं सील. एसटीत सिस्टरनी ती मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. सील फोडायला अन्वरमामूंना मुद्दाम बोलावणं गेलं. मामू नवा कुर्ता घालून आले. सिस्टरनी हात धुतले, कात्रीनं सील कापलं, डबी उघडली.

आत एक चिठ्ठी.

सीडी जिथं बसते त्या जागी काहीच नाही. नुसती कागदाची चिठ्ठी, तिच्यावर बारा-पंधरा अक्षरं आणि आकडे.

मामू म्हणाले, "पावती है क्या?"

सिस्टरनी डबी उलटी केली, झटकली, परत सुलटी केली. "घाबरायचं काही काम न्हाई," त्या आम्हाला म्हणाल्या. पण ते आम्हाला नव्हतंच. "घाईत रिकामी डबी दिली पोरानं. होतं असं. गोळ्यांचं पाकीट रिकामं निघायचं कधी कधी."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा काढली आणि आम्ही पुन्हा जालन्याला गेलो. दुकानदार तरुण होता, स्वभावानं चांगला. त्यानं सिस्टरना खुर्ची दिली.

"मॅडम, यात सीडी नसतेच. हा कोड आहे. मशीनमध्ये टाकायचा, की गेम डाउनलोड होतो."

"मंग डबी कशाला दिली?"

"लोकांना हातात काहीतरी लागतं, म्हणून."

सिस्टरना हे उत्तर पटलेलं दिसलं. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "बरं. माझं खेळून झालं, की ही चिठ्ठी दुसऱ्याला द्यायची, बराबर?"

"नाही नाही. कोड एकदाच चालतो. मग गेम तुमच्या खात्यावर जातो. कायमचा."

"खात्यावर जाऊ दे. मी आठ दिवस खेळले, मंग अन्वरभाईंना द्यायचाय."

"ते नाही देता येत, मॅडम. तो फक्त तुमचा."

"माझाच हाय ना? मंग माझी वस्तू मी कुणालाबी देईन."

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. मी गणिताचा माणूस, पण हे गणित मलाही मांडता येईना. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे एका पेशंटनं वापरला की दुसऱ्याला चालत न्हाई. गेम हाय का दात घासायचा ब्रश?"

दुकानदार हसला. मीही हसलो. सिस्टर हसल्या नाहीत.

येताना एसटी नव्हती, जीपमध्ये बसलो. भोकरदनपर्यंत त्या खिडकीतून कपाशी बघत होत्या. मग म्हणाल्या, "एवढी मोठी वस्तू बनवायची, अन् उसनी देता येऊ नये. कमाल हाय मास्तर."

पण आणलेलं औषध वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांचं मशीन सीडीही खायचं आणि नेटवरूनही घ्यायचं, म्हणून मी त्यांचं खातं उघडून दिलं. जन्मतारीख विचारली तेव्हा त्या जरा थबकल्या. "एवढ्या वयाची घेतात का? न्हाई तर दोन वर्षं कमी लिहा." कोड टाकला, मोबाइलचं नेट जोडलं, आणि टीव्हीवर एक बारीक रेघ सरकायला लागली. एक टक्का.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो, तर टीव्हीशेजारी भिंतीवर चार्ट टांगलेला. तापाच्या पेशंटच्या उशाशी असतो तसा, चौकटीचा. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. प्रत्येक रकान्यात टिंब आणि टिंबांना जोडणारी रेघ. एकतीस टक्के. अडतीस. अडतीसच. "दुपारपासून हालत न्हाई," सिस्टर दबक्या आवाजात म्हणाल्या. "लाइट गेल्ती. आता स्थिर हाय." वंदनानं पाठवलेली आमटी मी स्वयंपाकघरात ठेवली आणि चोरपावलांनी बाहेर आलो. त्या घरात मोठ्यानं बोलायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेम पूर्ण उतरला. सिस्टर पंधरा मिनिटं खेळल्या. गवताचं पान न् पान दिसत होतं, खेळाडूंच्या कपाळावरचा घाम दिसत होता.

"कसा आहे?" मी विचारलं.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. "लई चांगला हाय." आणि रिमोट खाली ठेवून त्यांनी चार्ट काढला, त्यावर 'डिस्चार्ज' लिहिलं, तारीख घातली, सही केली.

त्यानंतर वर्षभरात एकेक घर बदलत गेलं. कुणी नवं मशीन घेतलं, कुणाचं जुनं बंद पडलं, कुणी मोबाइलवरच खेळायला लागलं. अन्वरमामूंच्या जावयानं त्यांना बिनतोंडाचं मशीन आणून दिलं. प्रत्येक जण शेवटची सीडी परत करायला प्रामाणिकपणे आला. सिस्टरनी प्रत्येक सीडी उन्हात धरून पाहिली, बोळा फिरवला, जागेवर ठेवली. एक दिवस मी सहज मोजल्या. सव्वीसच्या सव्वीस. इतकी वर्षं कधीही पाच-सहापेक्षा जास्त सीड्या त्या घरात एका वेळी मी पाहिल्या नव्हत्या. कपाट आता गच्च भरलं होतं. ड्रॉवरमध्ये कापूस तेवढा होता.

"सिस्टर, फारसं कुणी येत नाही आता," मी बोलून गेलो.

"पेशंट बरा झाला की येत न्हाई, मास्तर," त्या म्हणाल्या. "ते चांगलंच असतं." आणि कपाटाचं दार लावलं.

पुढं एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सिस्टर वसुलीला निघाल्या. आधी विष्णूकडं गेल्या. "तुझ्याकडं सात नंबर राह्यली." विष्णूनं घर उलथंपालथं केलं, नाही सापडली. मग अजून दोन-तीन घरं. मग अन्वरमामूंच्या दुकानात. मला हे कळलं तेव्हा मी घाबरलो. सात नंबर त्यांच्या कपाटात आहे हे मला ठाऊक होतं. मीच मोजली होती. वंदना म्हणाली, "वय झालंय त्यांचं. विसरायला लागल्या असतील. त्यांच्या भावाला फोन करायला हवा."

फोन करण्याआधी मी मामूंच्या दुकानात गेलो. मामू एका पॅन्टची शिलाई उसवत होते.

"मामू, सिस्टर आल्या होत्या का सीडी मागायला?"

"आए थे. कल भी आए थे, परसों भी."

"तुमच्याकडं आहे सीडी?"

"मेरे कने कहाँ से आती? मैंने खुद अपने हाथ से दिया उनको."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

मामूंनी उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला. "बोला, ढूंढता हूँ सिस्टर, घर में होंगी कहीं. बैठो, चाय पियो तब तक." मग माझ्याकडं पाहिलं. "उनको सब याद है मास्तर. बिलकुल सब. मेरे कुर्ते का नाप भी याद है उनको. भूलने की बात नहीं है ये."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. चौतीस वर्षांत त्यांच्याकडं हजारो माणसं आली होती, पण ती सगळी काहीतरी दुखतंय म्हणून. नुसतं, बऱ्या अंगानं, दार वाजवून कुणी आलं होतं ते या सीड्यांमुळं. हे समोर राहून मला दिसलं नव्हतं आणि चार दुकानं पलीकडच्या शिंप्याला दिसलं होतं. मामूंनी मलाही चहा पाजला. भावाला फोन केला नाही.

त्याच रविवारी सकाळी आमचं फाटक वाजलं. सिस्टर होत्या. इतकी वर्षं समोर राहून त्या कधी उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. फाटकाशी उभं राहून चौकशी करायची आणि जायचं. आजही तिथंच थांबल्या. हातात काही नव्हतं.

"मास्तर, तुमच्याकडं काही उसनं मिळंल का?"

"मिळेल की. काय हवंय?"

"काहीबी."

"काहीबी म्हणजे, साखर वगैरे?"

"साखर नको. साखर संपून जाती." त्यांनी फाटकाच्या कडीवरचा गंज नखानं खरवडला. "परत आणून द्यावं लागंल, असं काहीतरी."

मी खिसे चाचपले. का चाचपले, माहीत नाही. तेवढ्यात वंदना बाहेर आली. तिनं स्वयंपाकघरातून ऐकलं असावं. हात पदराला पुसले, आत गेली, फळीवरची भांडी खडखडली, आणि ती पितळी सोऱ्या घेऊन आली. चकल्या-शेव करायचा, तिच्या आईनं दिलेला.

"हा न्या सिस्टर. पण पुढच्या रविवारी सकाळी मला हवाय हं. नक्की आणून द्या."

सिस्टरनी सोऱ्या हातात घेतला, फिरवून पाहिला. त्यांनी आयुष्यात चकली केली नसणार. कुठून उघडतो तेही त्यांना कळलं नाही. वंदनानं उघडून दाखवला. आत पाच चकत्या होत्या, शेवेची बारीक भोकांची, जाड भोकांची, पट्टीची, चकलीची चांदणी आणि एक आम्हीही कधी न वापरलेली.

"रविवारी कितीला लागतो?"

"सकाळी नऊला. आणि नाश्ता इथंच करायचा."

पुढच्या रविवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना सिस्टर आल्या. या वेळी फाटकाशी थांबल्या नाहीत. इस्त्रीची साडी, खांद्याला काळी पर्स. सोऱ्या चिंच लावून असा घासला होता की वंदनाच्या आईकडं असतानाही तो तसा चमकला नसेल. त्या खुर्चीवर टेकल्या. वंदनानं सोऱ्या उघडून चकत्या ताटलीत काढल्या. एक, दोन, तीन, चार.

"चांदणी राहिली वाटतं," ती म्हणाली.

"न्हाई का त्यात?" सिस्टर म्हणाल्या. "धुवून ओट्यावर वाळत घातल्या होत्या. तिथंच राह्यली असंल. म्हातारपण बघा. मंगळवारी आणून देते."

कपाळ पुसायला रुमाल हवा म्हणून त्यांनी पर्स उघडली. आत रुमालाच्या घडीवर पितळेची चांदणी लखलखत होती. मला दिसली. वंदनालाही दिसली. सिस्टरनी आमच्याकडं पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आम्हाला दिसली.

"काही घाई नाही," वंदना म्हणाली आणि पोह्यांची बशी त्यांच्या हातात दिली. "मंगळवारी मी शेंगोळे करणार आहे. तेव्हा येताना आणा."

सिस्टरनी रुमाल न काढताच पर्स बंद केली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावर एक हात ठेवून दिला. पोह्यांचा एक घास खाल्ला. मग दुसरा.

"शेंगोळ्यात लसूण जरा जास्त घाल गं," त्या म्हणाल्या.